दहा लिटर

वास आला तेव्हा निशिगंधा मेथी निवडत बसली होती. आधी तिला वाटलं, समोरच्या होस्टेलमधल्या पोरींनी पुन्हा कढई जाळली. भंवरकुआंच्या त्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर कोचिंगची पाटी आणि दर तिसऱ्या खिडकीतून काहीतरी करपल्याचा वास, त्याचं नवल तिला राहिलं नव्हतं. पण हा वास भाजीचा नव्हता. रबराचा होता, तापलेल्या पत्र्याचा होता, आणि मुख्य म्हणजे तो स्वतःच्या फाटकाच्या आतून येत होता. ती उठली तेव्हा मांडीवरची मेथी सगळी खाली सांडली. फाटकाच्या आत, जिथे दुसऱ्यांच्या घरी मोगऱ्याच्या कुंड्या असतात, तिथे त्यांची गाडी उभी होती. एका शाळेची जुनी मिनीबस, सीटं काढून आत दोन बिछाने, एक ओटा, अंघोळीची एक चिमुकली मोरी आणि दहा लिटरचा गिझर बसवलेली. दार उघडं होतं. आत बाकावर वासुदेव वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसला होता, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून. त्याच्या डोक्यामागून धुराची एक बारीक, शहाणी रेघ वर चालली होती.

“अजून सात मिनिटं,” तो म्हणाला.

तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीत गेलेली वायर उपटली. गिझरच्या वरच्या पत्र्यावर, त्यानेच चार वर्षांपूर्वी लाल रंगाने, खात्यातल्या ट्रान्सफॉर्मरवर धोक्याची पाटी लिहावी तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : आधी पाणी, मग बटण. टाकी रिकामी होती. आदल्या संध्याकाळी त्यानेच ती नियमाप्रमाणे रिकामी केली होती, कारण उभ्या गाडीत पाणी साठवायचं नाही असाही त्याचाच नियम होता. फाजील तापलं की आपोआप बंद पडणारा एक पुर्जा आत असतो म्हणतात, पण तोही त्या दिवशी आपल्या जागी गप्प बसून राहिला. “काय करून राहिलीस?” वासुदेव तिच्याकडे बघून म्हणाला, रागाने नव्हे, जरा कीव आल्यासारखा. “तुझंच पाणी थंड होईल ना.”

विजेच्या खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. कुणी खोलीतून बाहेर पडताना दिवा विसरला तर हाक मारून परत बोलावणारा. त्याची वीज वाया जाऊ शकत नाही, तिला वाटायचं, बाकी आयुष्य जाईल. रिटायर झाल्यावर लोक घराला मजला चढवतात, याने बस घेतली. छपरावर सोलरचं पॅनेल, बाकाखाली दोन बॅटऱ्या, आणि मग त्या बॅटऱ्यांचा संसार. पंखा किती खातो, दिवा किती खातो, मोबाइल किती. “आणि गिझर,” तो बोट वर करून म्हणायचा, “गिझर म्हणजे दरोडा आहे. एक अंघोळ झाली की दिवसभराचे दिवे आणि पंखा गेला समज.” म्हणून गावात थांबलं की वायर टाकून तापवायचं, रानात थांबलं की छोट्या सिलिंडरवर. दहा लिटरच, वर एक थेंब नाही. गरमात थंड मिसळायचं नाही, हा दुसरा नियम. आधी उकळवायचं आणि मग निववायचं, हे सरकारी काम झालं, तो म्हणे. लागेल तेवढंच तापवा. अंग भिजवा, नळ बंद. साबण लावा. मग नळ सोडा. आणि तिसरा नियम तिला फार आवडायचा, जरी तिने तसं कधी सांगितलं नाही. गरम नळ सोडला की आधी नळीत अडकलेलं थंड पाणी येतं, तांब्याभर. ते तो तांब्यात धरायचा आणि त्याचाच चहा करायचा. पहिलं पाणी म्हणायचा त्याला. मांडूला, महेश्वरला, पचमढीला, जिथे जिथे ते गेले तिथे तिने तो चहा प्यायला होता. चहाला प्लास्टिकच्या नळीची किंचित चव यायची. घरच्या चहाला ती यायची नाही, म्हणून घरचा चहा तिला अळणी लागू लागला होता.

पण हे सगळं गाडीचं झालं. गाडी का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन ती रामबागेतल्या तीन खोल्यांत आली तेव्हा घरात सात माणसं आणि न्हाणीघर एक. आधी सासरे, त्यांची पूजा असायची. मग मोठे दीर, त्यांचं ऑफिस. मग वासुदेव, मग नणंदा, मग जाऊ, तिचं तान्हं. सून शेवटी. तिची पाळी येईपर्यंत पाणी कोमटाच्याही खालच्या पायरीला उतरलेलं असायचं, जानेवारीतसुद्धा. कुणी दुष्ट नव्हतं. कुणी कधी म्हटलं नाही की हिने थंड पाण्यानं न्हावं. फक्त रांग तशी होती, आणि रांगेत शेवटी कुणीतरी उभं राहणारच. बावीस वर्षं. त्या बावीस वर्षांत वासुदेवने एकदाही काही म्हटलं नाही. तो आपला वाफाळत्या पाण्याने लालबुंद होऊन बाहेर यायचा, खांद्यावर पंचा, आणि ती आत पोळ्या लाटताना त्याच्या अंगाची वाफ तिला लागायची. तिला वाटायचं, याला दिसतच नाही. मग चार वर्षांपूर्वी गाडी तयार झाली, मांडूला पहिला मुक्काम झाला, सकाळी धुकं, आणि तो गिझरचा लाल दिवा बघत म्हणाला, “निशा, तुझं पाणी तापलं. पहिली तू.” एवढंच. तिने अंघोळ केली. दहा लिटर संपले. ती बाहेर आली तर तो टाकीतल्या थंड पाण्याने अंग धूत होता, दात एकमेकांवर आपटत. म्हणाला, “मला गरम सोसत नाही आताशा.” रामबागेत ज्याच्या पाण्याला हात लावला तर बोट भाजायचं, तो माणूस. ती काही बोलली नाही. पचमढीला तर तिने केस धुतले, तो थंड पाण्यानेच न्हायला आणि परतीच्या वाटेवर तापाने फणफणला. तरीही ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि बावीस वर्षांचं उत्तर एका माणसाला एका वाक्यात देता येत नाही. त्याने ते दहा लिटरमध्ये दिलं होतं.

गिझर जळाला त्या दिवशी मात्र ती बोलली. धूर गेल्यावर, खोकत, तोंडाला पदर लावून ती म्हणाली, “तुम्हीच जाळलात. बघा, तुमच्याच अक्षरात लिहिलंय.” वासुदेवने चष्मा सारखा केला आणि ती अक्षरं वाचली. मोठ्याने, शाळेतल्या मुलासारखी, एकेक. आधी. पाणी. मग. बटण. मग परत वाचली. मग जळक्या गिझरच्या पत्र्यावर त्याने तळहात ठेवला, आणि दिवसभर तिथेच बसला. जेवला नाही. बेबी भांडी घासायला आली, ती दारातून बघून गेली आणि म्हणाली, “काकी, काका रडून राहिले का?” निशिगंधा म्हणाली, “नाही गं, धूर गेलाय डोळ्यांत.” बेबी म्हणाली, “सकाळचा धूर अजून?” आणि नळ जोरात सोडून भांडी घासू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वासुदेव उठला, दाढी केली, चहा घेतला आणि वायर शोधायला लागला. “संक्रांत झाली की अमरकंटकला निघायचं,” तो म्हणाला. “तिकडे पहाटे दोन-तीन डिग्री असतं. रोज चाचणी घेतली पाहिजे गिझरची.” काल जे झालं ते त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. पाटी पुसून नवी घ्यावी तसा स्वच्छ चेहरा. आणि तिला कळलं की आता ती रोज सकाळी त्याला नव्याने सांगू शकते की तुम्ही जाळलंत, आणि तो रोज नव्याने ते चार शब्द वाचेल, रोज नव्याने दिवसभर न जेवता बसेल. तिने वायर लपवली. म्हणाली, जयेश घेऊन गेलाय, संध्याकाळी आणतो.

जयेश म्हणजे ज्याच्या कारखान्यात गाडीचं आतलं सगळं काम झालं तो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, गिझरमध्ये डोकं घालून त्याने जळक्या वायरी एकेक ओढून बघितल्या. मग म्हणाला, “भाभीजी, ये तो गया. नया डाल दूँ? दो दिन का काम.”

“नवा घातला तर परत पाण्याशिवाय बटण दाबतील.”

“वो भी है.” त्याने डोकं खाजवलं. “साहब ने अपने को सिखाया था सब। वायर की मोटाई, फ्यूज, सब। मैं तो वेल्डर था, भाभीजी।”

मग दोघांनी गाडीच्या पायरीवर बसून, चोरांनी ठरवावं तसं ठरवलं. गिझर आतून तोडायचा, वीज पोचणारच नाही. नळी त्याला वळसा घालून सरळ टाकीला जोडायची. गॅसचा छोटा सिलिंडर जयेशने घेऊन जायचा. लाल दिवा मात्र चालू ठेवायचा. बटण दाबलं की लागला पाहिजे. “और गरम पानी?” जयेशने विचारलं. निशिगंधा म्हणाली, “ते मी बघते.” तो तिच्याकडे बघत राहिला. “अरे भाभीजी,” तो म्हणाला, आणि पाना घेऊन गिझरकडे वळला. पैसे घेतले नाहीत. जाताना वासुदेवला म्हणाला, “साहब, एकदम टनाटन है। बटन दबाओ और नहाओ.” वासुदेवने विचारलं, “अर्थिंग देखी?” जयेश म्हणाला, “देखी साहब, सबसे पहले वही देखी,” आणि फाटकाबाहेर जाऊन त्याने बराच वेळ स्कूटर सुरू केली नाही.

तर अकरा दिवस हे चाललं होतं. सहाला कचऱ्याची गाडी गाणं लावून गल्लीत शिरायच्या आधी निशिगंधा उठायची. दोन मोठी भगोनी गॅसवर. खिडकीच्या काचेवर वाफ. मग कळशीत ओतून, जुन्या ओढणीची चुंबळ करून हाताला चटका लागू न देता, ओटा ते फाटक, फाटक ते ओटा, तीन खेपा. टाकीचं तोंड गाडीच्या बाहेरून होतं, त्यात नरसाळं लावून. पहिल्या दिवशी पाणी फार कढत झालं, दुसऱ्या दिवशी वाटेतच निवलं. तिसऱ्या दिवशी तिला माप सापडलं. समोरच्या गच्चीवर एक पोरगी पुस्तक घेऊन फेऱ्या मारत असायची, तिने एकदा वरून विचारलं, “आंटी, अंकल का बंगला कब निकल रहा है टूर पे?” निशिगंधा नरसाळं धरून म्हणाली, “बस बेटा, पानी भर रही हूँ.” त्यात खोटं काही नव्हतं. सातला वासुदेव यायचा, बटण दाबायचा, दिवा लागायचा. अठरा मिनिटं. तो घड्याळ बघायचा आणि ती आत पोह्यांना फोडणी देत स्वतःही घड्याळ बघायची. मग गरम नळ, पहिलं पाणी तांब्यात, बोटं धारेखाली, आणि हाक : “निशाऽ, तुझं पाणी तापलं.” मग ती टॉवेल घेऊन गाडीतल्या त्या मोरीत शिरायची, जिथे कोपर हललं की भिंत लागते, आणि आपणच तापवलेल्या पाण्याने दुसऱ्याच्या उपकाराची अंघोळ करायची. तिला हसू यायचं. रामबागेतल्या शेवटच्या नंबरची सून आज पहिल्या नंबरच्या पाण्यासाठी सगळ्यांच्या आधी उठत होती. मग हसू थांबायचं आणि ती नळ नियमाप्रमाणे बंद करून साबण लावायची, अंगावरून गार वारा जायचा, आणि त्या गार वाऱ्यात उभी असताना तिला किल्ली आठवायची.

किल्ली वासुदेवच्या जानव्याला होती. सासऱ्यांच्या जानव्याला बँकेच्या लॉकरची किल्ली असायची, त्याची वासुदेव चेष्टा करायचा, आणि आता त्याच्याच छातीवर गाडीची किल्ली लोंबत होती. उशीखाली असती तर तिने काढली असती, खुंटीला असती तर हरवली असती. तुकोगंजच्या डॉक्टरांनी चित्रं दाखवून, घड्याळ काढायला सांगून, पाच शब्द आठवायला लावून झाल्यावर वासुदेवला बाहेर बसवलं आणि तिला म्हणाले, “गाडी अजिबात नाही. आजपासून नाही. आणि सांगा त्यांना, त्यांच्यापासून लपवू नका.” पुण्याहून वल्लरी रोज फोन करायची. “आई, किल्ली काढलीस? बाबा झोपल्यावर कात्रीने काप ना तो दोरा.”

“जानवं कापू?”

“मतलब काय करणारेस तू? संक्रांतीला निघतील ते. तू शेजारी बसशील आणि मग?”

मग हातोद. ते तिने वल्लरीला सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या आधी, टायर बघून येऊ म्हणून तो तिला घेऊन हातोदपर्यंत गेला होता. मंडीपाशी सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग, धूळ, हॉर्न. त्याने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला, आणि बराच वेळ काचेतून बघत राहिला. मग अगदी सभ्यपणे, रस्त्यावरच्या अनोळखी बाईला विचारावं तसं त्याने विचारलं, “घर कुठल्या बाजूला आहे हो?” ‘आहे हो’ म्हणाला तिला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. मागून ट्रॅक्टरवाला ओरडला, “ओ भिया, आगे लो!” आणि वासुदेव दचकून तिच्याकडे वळला, “निशा, काय म्हणून राहिला तो?” तेवढ्यात परत आला होता. पण ते मधलं अर्धं मिनिट तिच्याजवळ राहिलं होतं, एखाद्या सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखं. ती ते अर्धं मिनिट अमरकंटकच्या घाटात नेऊन बघायची. तिथे डावीकडे दरी असायची.

संक्रांत दोन दिवसांवर आली. त्या सकाळी थंडी भलती होती, गॅसची आच निळी आणि आखडल्यासारखी जळत होती, आणि निशिगंधाने तीनऐवजी चार खेपा घातल्या. रात्रभर तिने ठरवलं होतं की आज अंघोळीनंतर सांगायचं. पोहे पुढे ठेवून सांगायचं. डॉक्टर म्हणालेत की. नाही, मलाच भीती वाटते, आपण नको जाऊ या. तिने दोन्ही वाक्यं भगोन्यावर वाकून म्हणून बघितली, दोन्हींना वाफ लागून ती ओली झाली. सातला वासुदेव आला. बटण. दिवा. अठरा मिनिटं. गरम नळ सोडला, पंप गुरगुरला, पहिलं पाणी तांब्यात पडलं, मग धार वाफाळली. “आज फर्स्टक्लास,” तो म्हणाला. “अमरकंटकला काही प्रॉब्लेम नाही.” ती टॉवेल घेऊन पायरीशी उभी होती. वाफेने त्याच्या चष्म्यावर डाग पडले होते. त्याने गरम नळ बंद केला, वाया कशाला, चष्मा काढला, आणि काचा धुवायला थंड नळ सोडला.

थंड नळाचा विचार तिने केलाच नव्हता. अकरा दिवसांत कुणी तो सोडला नव्हता. मिसळायचं नाही हा नियम होता, आणि तो आताशा घरातल्या न्हाणीत न्हायचा. आधी थोडं गार पाणी पडलं. मग काचांवर धुकं चढलं. वासुदेवने काचा पंच्याला पुसल्या, परत धारेखाली धरल्या. परत धुकं. त्याने बोट धारेखाली धरलं, बाजूला घेतलं, परत धरलं. मग गरम नळ सोडून दुसऱ्या हाताचं बोट त्याखाली. दोन्ही हात दोन नळांखाली धरून तो उभा राहिला, डोळे मिटून, चष्म्याविना त्याचं तोंड उघडंवाघडं दिसत होतं. ज्या माणसाला हातोदहून घर सापडलं नव्हतं, ज्याने कालच बेबीला तिसऱ्यांदा तिचं नाव विचारलं होतं, त्याला एवढं पक्कं ठाऊक होतं की थंड नळाला गरम पाणी येत नाही. कुठल्याही गाडीत येत नाही. टाकीच गरम असल्याशिवाय येत नाही.

त्याने दोन्ही नळ बंद केले. नीट, एकेक. खाली वाकून बाकाखालच्या टाकीला तळहात लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग वर गिझरच्या पत्र्याला लावला. तो गार होता. त्याच्या वरची लाल अक्षरं त्याने वाचली, या वेळी मनात.

“किती खेपा घालतेस?” त्याने विचारलं.

तिला वाटलं, म्हणावं, कसल्या खेपा. “तीन,” ती म्हणाली. “आज चार.”

“कधीपासून?”

“अकरा दिवस झाले.”

“हात भाजला का?”

“नाही हो. चुंबळ घेते ना.”

तो बाकावर बसला. गल्लीतून परतणाऱ्या कचऱ्याच्या गाडीचं गाणं लांब लांब जात होतं. “गिझर मी जाळला,” तो म्हणाला. विचारलं नाही. ती काही बोलली नाही, आणि न बोलणं हे या घरात नेहमीच हो असायचं. मग तो म्हणाला, “आणखी काय काय आहे, निशा?” तिने सगळं सांगितलं. हातोद. डॉक्टर. तिला वाटलं होतं, हे सांगताना वाक्यं लागतील. ती चारच लागली. तो ऐकताना मान हलवत होता, खात्यात कुणी बिघाडाची जागा सांगताना हलवायचा तशी. मग त्याने सदऱ्यात हात घातला आणि जानवं बाहेर ओढलं. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. त्याची बोटं तिच्याशी झटत राहिली, एकदा उलटी, एकदा सुलटी, जणू ती गाठ दुसऱ्याच कुणी बांधली होती. तिने हात पुढे केला. “थांब,” तो म्हणाला, “मला जमतंय.” चहा गार होईल, पोहे गार होतील, टाकी गार होईल, तिच्या मनात येत राहिलं. गाठ सुटायला फार वेळ लागला. किल्ली त्याच्या अंगाने गरम झाली होती. ती त्याने तिच्या मुठीत ठेवली आणि मूठ बाहेरून दाबून बंद केली.

“मी मागितली तरी द्यायची नाही,” तो म्हणाला. “कितीही भांडलो तरी. लिहून ठेवू का कुठे? लाल रंगात?”

ती हसली. रडलीच असती, पण तो बघत होता. “आणि उद्यापासून खेपा घालू नकोस,” तो उठत म्हणाला. “आज जा, अंघोळ करून घे. वाया जाईल. पहिली तू.”

ती आत गेली. दार लावलं. अंग भिजवलं, नळ बंद केला, साबण लावला. मूठ तिने उघडलीच नव्हती. एका हाताने साबण लावत होती आणि दुसऱ्या हातात किल्ली टोचत होती. बाहेरून, स्वयंपाकघरातल्या गॅसवर आधण ठेवल्याचा आवाज आला. पहिल्या पाण्याचं.

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली ती सहाच्या आधीच. खेपा घालू नकोस म्हणाला होता, म्हणून ती अंथरुणात पडून राहिली. शेजारी वासुदेव उठून बसला होता. पांघरूण बाजूला पडलेलं, सदऱ्याची बटणं उघडी, आणि त्याचा हात छातीवर जानव्यावरून खाली जात होता, परत वर येत होता, परत खाली, अंधारात जिन्याचा कठडा चाचपावा तसा. ती बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर काल कुठेच नव्हतं.

“निशा,” तो म्हणाला, “इथे काहीतरी होतं ना?”

तिची मूठ उशीखाली होती. “काही नाही हो,” ती म्हणाली. उठली, पायांत चपला सरकवल्या. “झोपा जरा. मी पाणी ठेवते.”